कायद्यातली एक ओळ आणि आत्याचे दीर

आपल्या माणसांनी अमेरिकेत येऊन घरासाठी, पोरांच्या कॉलेजसाठी, फार तर देवळाच्या पार्किंगसाठी जिवाचं रान केलेलं मी पाहिलं आहे. पण बैलासाठी जन्माचे जोडे झिजवणारा माणूस या सबंध खंडात एकच होऊन गेला, आणि तो माझ्या आत्याचा धाकटा दीर होता. आत्याचा दीर हे नातं तसं लग्नाच्या पंगतीत एकदा वाकून नमस्कार करावा आणि विसरून जावं, इतपतच. मीही नाशकात असतो तर विसरलोच असतो. पण कॅलिफोर्नियातल्या त्या सपाट, धुळकट खोऱ्यात एका हॉस्पिटलच्या कॉम्प्युटरवर काम करायला मी येऊन पडलो, तेव्हा हजारो मैलांत आपलं म्हणावं असं एवढं एकच दार होतं. आत्यानं फोनवर बजावलं, "त्यांच्याकडे जात जा, माणूस चांगला आहे, फक्त त्यांना बैलाचा विषय काढू देऊ नकोस." पहिल्याच रविवारी मी गेलो. काकूंनी पाण्याचा पेला हातात दिला, तो रिकामा व्हायच्या आत काकांनी बैलाचा विषय काढला, आणि पुढची चार वर्षं तो मिटला नाही.

काका हिंगणघाटजवळच्या एका खेड्यातले. दूध गार ठेवणाऱ्या यंत्रांचे इंजिनियर म्हणून एकोणीसशे सत्तरच्या सुमारास इकडे आले आणि तीस वर्षं एकाच डेअरी-यंत्रांच्या कंपनीत राहिले. त्या भागातले गोठे बहुतेक पोर्तुगीज वंशाच्या लोकांचे. मध्यरात्री कुणाची टाकी बंद पडली की लोक कंपनीला फोन न करता काकांना करायचे, आणि काका नाताळ असो की दिवाळी, अवजारांची पेटी घेऊन निघायचे. त्यातल्या मॅन्युएल नावाच्या आडदांड डेअरीवाल्याशी त्यांची खरी दोस्ती. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी काका त्याच्या गोठ्यावर जायचे, त्याच्या थोराड वळूच्या खांद्याला कुंपणातून हात घालून लोणी-हळद चोळायचे आणि शुद्ध मराठीत त्याला "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या" असं निमंत्रण द्यायचे. मॅन्युएलला यातलं अक्षर कळत नसे. पण निमंत्रण चाललं असेपर्यंत तो डोक्यावरची टोपी काढून उभा राहायचा. दुसऱ्या दिवशी काकू पुरणपोळ्यांचा डबा पाठवायच्या. वळूला दोन आणि मॅन्युएलला सहा.

या मॅन्युएलच्या लोकांचा चर्चचा मोठा उत्सव दरवर्षी व्हायचा आणि त्यात शेवटी बैलांचा खेळ असायचा. काका तीस वर्षं उत्सवाला जात होते, पण जेवण आटोपून, गोड पाव बांधून घेऊन, खेळाआधी घरी परतायचे. रिटायर झाल्यावर वेळच वेळ होता, म्हणून पहिल्यांदा थांबले. तिथं बैलाला भोसकत नाहीत. त्याच्या खांद्यावर एक चिकटपट्टी लावलेली असते, घोड्यावरचा माणूस टोकाला तसलीच पट्टी असलेली काठी मारतो, ती चिकटून लोंबकळते, आणि लोक टाळ्या वाजवतात. रक्ताचा थेंब सांडत नाही. काका घरी आले ते न जेवता झोपले आणि सकाळी लायब्ररी उघडायच्या आधी तिच्या पायऱ्यांवर जाऊन बसले. कायद्याच्या पुस्तकात त्यांना सापडलं की राज्यात बैलांच्या झुंजीला बंदी आहे, पण त्याच कलमात पुढे एक ओळ आहे: धार्मिक सणानिमित्त, रक्त न सांडता खेळ केला तर चालेल. ती एक ओळ काढून टाकायची, एवढंच काकांचं मागणं. त्या पानाची झेरॉक्स त्यांच्या शर्टाच्या खिशात कायम असायची. काकूंच्या म्हणण्याप्रमाणे ती चार वेळा वॉशिंग मशीनमध्ये जाऊन आली होती.

मोहीम काकांनी पत्रांनी सुरू केली, कारण पत्र लिहिलं की सरकार हलतं यावर त्यांचा लहानपणापासून विश्वास होता. राज्याच्या प्रत्येक आमदाराला त्यांनी हातानं पत्र लिहिलं. पत्राची सुरुवात थेट मुद्द्यानं करणं हे त्यांना उपाशी पाहुण्याला दारातूनच हाकलण्यासारखं वाटायचं. त्यामुळे 'सा. न. वि. वि.'चं इंग्रजी करून, आमदाराच्या कुटुंबाचं कुशल विचारून, आपल्या तब्येतीचं सांगून ते दुसऱ्या पानावर बैलापाशी पोचायचे. आमदारांच्या ऑफिसातून छापील उत्तर यायचं, की तुमचं पत्र मिळालं, आभारी आहोत. काका त्या आभाराचे आभार मानणारं पत्र पाठवायचे. त्यालाही छापील उत्तर यायचं. एका ऑफिसातल्या बाईंनी शेवटी हात टेकले आणि फोन केला, "सर, तुम्हाला नक्की काय हवं आहे?" काका गहिवरले. तिला आधी विचारलं, "जेवण झालं का तुमचं?" तेवढ्यात तिची दुसरी लाइन वाजली. फोनवर निरोप ठेवायचा झाला तरी तेच. यंत्र मध्येच बंद पडायचं, काका पुन्हा फोन लावून म्हणायचे, "हां, तर काय सांगत होतो."

सह्या गोळा करण्याचं काम त्यांनी माझ्या गळ्यात मारलं. म्हणजे सह्या तेच घ्यायचे, मी गाडी चालवायचो, कारण काका फ्रीवेवर ज्या वेगानं गाडी हाकायचे तो पाहून काकूंनी किल्ल्या काढून घेतल्या होत्या. सुपरमार्केटच्या दारात उभं राहायचं, येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवायचं. इतर लोक मिनिटाला एक सही घेतात. काकांना एका सहीला अर्धा तास लागे. आधी त्याचं गाव, मग आईवडील हयात आहेत का, मग गुडघे. एका मेक्सिकन आजीबाईंशी त्यांची अशी गट्टी जमली की तिनं त्यांना घरी जेवायला बोलावलं, पण सही करायचं दोघांच्याही लक्षात राहिलं नाही. मी गाडीत बसून घड्याळ बघायचो आणि मनात चरफडायचो. खरं सांगायचं तर चरफड वरवरची होती, आत भीती होती. ते दिवसच तसे होते. न्यूयॉर्कचे टॉवर पडून दोन-तीन वर्षं झाली होती, विमानतळावर आमच्यासारख्यांना बाजूला काढत, दाढी वाढली तर ऑफिसात लोक जरा जास्तच हसून बोलत. माझा व्हिसा कंपनीच्या हातात, ग्रीन कार्डाचा अर्ज कुठल्यातरी टेबलावर पडलेला. अशा वेळी आपलं नाव कुठल्याही कागदावर, कुठल्याही कारणानं उमटू नये, एवढीच माझी देवाकडे प्रार्थना होती. आणि मी ज्यांची गाडी चालवत होतो, त्यांचा सगळा जीव कागदावर नावं उमटवण्यात होता.

महाराष्ट्र मंडळात तर रणच माजलं. संक्रांतीच्या कार्यक्रमात काकांनी तिळगुळाच्या ताटाशेजारी सह्यांचा कागद मांडला. दोघातिघांनी गोड बोलत सह्या केल्या, तेवढ्यात अध्यक्ष धावत आले. चाळिशीतला आयटीवाला माणूस, घाम फुटलेला. "काका, प्लीज, हा पेपर उचला. दुसऱ्यांच्या रिलिजस फेस्टिव्हलवर आपण बोट ठेवलं, तर उद्या ते आपल्या गणपती विसर्जनावर कम्प्लेंट करतील. सिटीचं परमिट मी काय हालांनी मिळवलंय, यार!" काका शांतपणे म्हणाले, "आपण गणपतीच्या खांद्यात काठी मारतो का?" अध्यक्ष म्हणाले, "तो पॉइंट नाहीये, काका." लोक तिळगुळाच्या ताटापासून मागे सरले. लहान मुलं तेवढी "मॉम, व्हॉट हॅपन्ड?" विचारत होती. काकांनी कागद उचलला, घडी घालून खिशात ठेवला. त्यानंतर मंडळाच्या आभारप्रदर्शनाचं काम त्यांच्याकडून काढून घेण्यात आलं, जे ते गेली वीस वर्षं करत होते आणि जे संपायच्या आत निम्मा हॉल घरी पोचलेला असे. लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मीही टाकला, आणि तो टाकताना काकूंनी मला पाहिलं.

पण माझी खरी परीक्षा उत्सवाच्या दिवशी झाली. काकांना खेळाच्या मैदानाच्या फाटकाबाहेर पाटी घेऊन उभं राहायचं होतं. पाटीवर त्यांनी स्वतः इंग्रजीत रंगवलं होतं: 'त्याचा खांदा दुखतो.' मी गाडी लांब लावली आणि गाडीतच बसून राहिलो. थोड्याच वेळात फाटकाशी गर्दी जमू लागली. कुणी हसत होतं, कुणी ओरडत होतं, एकानं हातातला प्लास्टिकचा पेला फेकला, तो काकांच्या बुटांपाशी पडला. काकांनी तो उचलून कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि परत जागेवर येऊन उभे राहिले. मग शेरीफची गाडी आली. मला उतरावंच लागलं. त्या पोलिसानं काकांना ओळखपत्र मागितलं, मग माझ्याकडे वळून म्हणाला, "आणि तुम्ही कोण?" काका लगेच म्हणाले, "हा माझा भाचा. फार हुशार आहे. कॉम्प्युटरमध्ये आहे." मी भाचा नव्हतो, हुशार तर त्या क्षणी मुळीच नव्हतो. पोलिसानं माझं नाव एका छोट्या वहीत लिहून घेतलं, अक्षर अक्षर विचारून, आणि सभ्यपणे सांगितलं की रस्त्याच्या पलीकडे उभं राहायला हरकत नाही. झालं एवढंच. पण त्या वहीनं माझा ताबा घेतला. दोन दिवस मला जेवण गेलं नाही.

त्याच आठवड्यात काका उत्साहानं म्हणाले, "आता काउंटीच्या बोर्डापुढं, म्हणजे इथल्या जिल्हा परिषदेपुढं, जाऊन बोलायचं. बोर्डानं ठराव केला की राज्याला ऐकावं लागते. प्रत्येकाला दोन मिनिटं मिळतात म्हणे. तू पण बोल. तुझं इंग्रजी चांगलं आहे." आणि मी, नाशिकचा, घरात खोटं बोललं की आईच्या हातचा मार खाऊन वाढलेला, तोंडाला येईल ते बोलून गेलो. "काका, तिथं बोलायला सिटिझन लागतं. तुम्ही नाही, मी नाही. कोण ऐकणार आपलं?" हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी कुठे वाचलंही नव्हतं. विषय संपावा एवढाच हेतू होता. काकांनी खिशातली झेरॉक्स काढून पुन्हा घडी घातली. मग म्हणाले, "हो का? बरं." मला वाटलं, सुटलो.

काकांनी तीस वर्षं भारतीय पासपोर्ट सोडला नव्हता. मुलं सिटिझन, काकूसुद्धा सिटिझन, पण काकांचं ग्रीन कार्ड तेवढं दर काही वर्षांनी नवं होऊन यायचं. "मी हिंगणघाटला घरी जातो, तेव्हा परवानगी कुणाची काहून मागायची?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न. पासपोर्ट त्यांच्या देवघरात अन्नपूर्णेच्या मागे असायचा. आणि माझ्या त्या 'सिटिझन लागतं'नंतर पंधरा दिवसांनी त्यांनी नागरिकत्वाचा अर्ज टाकला. मला कळलं तेव्हा मी हादरलो. खरं सांगून टाकावं असं दहादा मनात आलं, आणि दहादा जीभ आवळली, कारण एकदा सांगितलं की मीही बोलायला उभं राहायला हवं होतं. मुलाखतीला मीच घेऊन गेलो. अधिकाऱ्यानं म्हणे सवयीनं विचारलं, "आता इतक्या वर्षांनी का?" काकांनी सांगितलं, "बैलांसाठी." अधिकाऱ्यानं पेन खाली ठेवलं. बाहेर बाकावर काकू आणि मी बसलो होतो. दार बराच वेळ उघडेना, तेव्हा काकू म्हणाल्या, "या माणसाले आत ठेवून घेतात का काय बाप्पा." शेवटी काका हसत बाहेर आले, मागोमाग अधिकारी. त्यानं काकूंशी हात मिळवला आणि म्हणाला, "मी टेक्ससच्या रँचवर, गुरांतच वाढलोय." शपथविधीनंतर जुना पासपोर्ट वकिलातीत पाठवावा लागला. तो रद्दचा शिक्का घेऊन परत आला. काकांनी तो पुन्हा अन्नपूर्णेच्या मागे ठेवला. त्या दिवशी ते बैलाबद्दल काहीच बोलले नाहीत, आणि घर इतकं शांत होतं की काकूंनी उगीचच टीव्ही लावला.

मॅन्युएलनं तोवर बोलणं सोडलं होतं. त्याचा मुलगाच त्या खेळात घोड्यावर बसायचा. त्या वर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी काका लोण्याची वाटी घेऊन गेले, तर गोठ्याच्या फाटकाला कुलूप. आत वळू दिसत होता. काकांनी लांबूनच, जरा मोठ्या आवाजात आवतण दिलं, वाटी फाटकाच्या खांबावर ठेवली आणि गाडीत येऊन बसले. "त्याचंही बरोबर आहे," एवढंच म्हणाले. मी गाडी चालू केली.

आणि मग खरोखरच बोर्डावरच्या एका बाईंनी ठराव मांडायचं कबूल केलं. त्या एका ऑफिसातल्या फोनवाल्या बाईंनीच त्यांच्या कानावर घातलं होतं, असं पुढे कळलं. मंगळवारी सकाळी दहाची सभा. काकांनी दोन मिनिटांचं भाषण लिहिलं. काकू ओट्यापाशी टायमर घेऊन उभ्या, काका फ्रिजकडे तोंड करून बोलायचे. पहिल्यांदा नऊ मिनिटं झाली. छाटत छाटत, महिनाभरात, ते बरोब्बर एक मिनिट पंचावन्न सेकंदांवर आलं. काकू म्हणाल्या, "आता एक शब्द जास्ती बोलू नका." आम्हाला वाटलं, गड जिंकला.

सभागृह भरलेलं होतं. एका बाजूला चर्चची मंडळी, नीट कपडे घातलेली, त्यांत मॅन्युएल, मांडीवर टोपी घेऊन. दुसऱ्या बाजूला काका, काकू, मी आणि प्राण्यांसाठी काम करणाऱ्या तीन मुली. दारात बोलणाऱ्यांसाठी एक फॉर्म होता. काकांनी भरला. मी त्यांच्या खांद्यावरून पाहिला, आणि माझ्या कानशिलांत रक्त चढलं. त्यावर दोनच रकाने होते: नाव आणि गाव. खाली छापलं होतं की उपस्थितांपैकी कुणीही बोलू शकतं. काकांनी नाव लिहिलं, गाव लिहिलं, पेन जागेवर ठेवलं आणि म्हणाले, "चल, पुढं बसू."

काकांचं नाव पुकारलं. ते माइकपाशी गेले, सूट सारखा केला, हिरवा दिवा लागला. आणि काकांनी हात जोडून सुरुवात केली, "सन्माननीय अध्यक्ष महोदया, व्यासपीठावर विराजमान सर्व आदरणीय सभासद," मग पाचही सभासदांची एकेक करून नावं, प्रत्येकाला एकेक चांगला शब्द, मग सेक्रेटरी, मग दाराशी उभा असलेला पोलीस, मग "समोर बसलेले माझे जुने मित्र आणि भगिनी". मी काकूंकडे पाहिलं. त्यांनी डोळे मिटून घेतले होते. भाषणाची तालीम झाली होती, पण नमस्काराची तालीम कोण करतं? तो कागदावर नव्हता, तो काकांच्या तोंडातच होता, आभारप्रदर्शनाच्या वीस वर्षांचा. पिवळा दिवा लागला तेव्हा काका माइकवाल्याचे आभार मानत होते. "तर आज मी इथं," ते म्हणाले, आणि लाल दिवा लागला. अध्यक्षबाई म्हणाल्या, "धन्यवाद, सर. आपली वेळ संपली." काकांना कळेना. त्यांनी खिशातून भाषणाचा कागद काढला, दिव्याकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं. कुणीतरी मागे हसलं. अध्यक्षबाईंना वाईट वाटलं असावं. त्या म्हणाल्या, "आणखी कुणाला बोलायचं असेल आणि तो आपली वेळ यांना देत असेल, तर माझी हरकत नाही. फक्त उभं राहून नाव सांगावं लागेल."

काकांनी वळून पाहिलं. माझ्याकडेच पाहिलं असं मी आजपर्यंत म्हणत आलो, पण कदाचित ते नुसतं सभागृहाकडे पाहत असतील. मला उभं राहायचं होतं. नाव सांगायचं आणि खाली बसायचं, पाच सेकंदांचं काम. माझ्या डोळ्यांपुढे ती छोटी वही आली, ग्रीन कार्डाचं ते टेबल आलं, कोपऱ्यातला कॅमेरा दिसला, आणि मी खुर्चीचा दांडा घट्ट धरून बसून राहिलो. काकू उठू लागल्या, पण त्यांचे गुडघे, त्यांना वेळ लागतो. तेवढ्यात पलीकडच्या बाजूनं एक खुर्ची करकरली. मॅन्युएल उभा राहिला. त्यानं नाव सांगितलं, गाव सांगितलं आणि खर्जातल्या आवाजात म्हणाला, "माझी दोन मिनिटं त्याला द्या. माझी टाकी त्यानं नाताळच्या दिवशी येऊन दुरुस्त केली आहे. मी त्याच्या विरुद्धच आहे, ते लिहून घ्या. पण त्याला बोलू द्या." आणि तो खाली बसला.

हिरवा दिवा पुन्हा लागला. काकांनी भाषणाचा कागद घडी करून खिशात ठेवला. "मी बारा वर्षांचा असताना," ते म्हणाले, "आमच्या गावात बैलांची शर्यत व्हायची. वडिलांची जोडी मी हाकायचो. माझ्या हातात पराणी असायची, म्हणजे टोकाला खिळा असलेली काठी. मी ती बैलाच्या खांद्यात टोचायचो, त्यामुळं तो पळायचा. आम्ही जिंकायचो. आई मला विचारायची, का टोचतो रे त्याला? मी म्हणायचो, रक्त कुठं आलं? आणि पोळ्याच्या आदल्या दिवशी त्याच खांद्याला मी लोणी चोळायचो. माझा हात लागला की तो कातडं थरथरवायचा. मला वाटायचं, गुदगुल्या होतात." ते मॅन्युएलच्या बाजूच्या खुर्च्यांकडे वळले. "तुमचा कायदा म्हणतो, रक्त आलं नाही तर चालेल. हे मी बारा वर्षांचा असताना आईला बोललेलो आहे. माझ्या मित्रांनो, मी तुमच्या सणाविरुद्ध नाही. मी तुमच्याकडे तीस वर्षं जेवलो आहे. मला फक्त ती एक ओळ काढायची आहे, कारण ती माझी आहे." पिवळा दिवा लागायच्या आत ते थांबले आणि जागेवर येऊन बसले. मॅन्युएल टोपीकडे पाहत होता.

ठराव चार विरुद्ध एक असा पडला.

घरी येताना काकू मागच्या सीटवर झोपल्या. मी बराच वेळ रस्त्याकडे पाहून गाडी चालवली, मग मला राहवेना. म्हटलं, "काका, बोलायला सिटिझन लागत नव्हतं. मी तुम्हाला खोटं सांगितलं होतं." काका म्हणाले, "हो. फॉर्म भरला तेव्हा दिसलं मला." मी म्हटलं, "मग काही बोलला का नाहीत?" ते खिडकीबाहेर बदामाच्या बागांकडे पाहत होते. म्हणाले, "तू भिऊन बोलला होता रे. भिऊन बोललेलं मनावर घ्यायचं नसते." आणि थोड्या वेळानं, "भूक लागली का तुला?" मला रडू आलं. मी घाम पुसल्याचं निमित्त केलं, आणि त्यांनी ते मान्य केलं.

त्यानंतर काका दोन वर्षं होते. पत्रं चालूच राहिली, मॅन्युएलनं फाटकाचं कुलूप काढलं, ती ओळ काही निघाली नाही. माझं ग्रीन कार्ड आलं ते काका गेल्यानंतर, आणि ते कुणाला दाखवावं हे मला कळेना. पण डोळ्यांपुढे येतात ते काका सभागृहातले नसतात. ते असतात सॅन फ्रान्सिस्कोतल्या भारतीय वकिलातीतले. शेवटच्या वर्षी त्यांना पोळ्याला गावी जायचं होतं आणि त्यासाठी आता व्हिसा हवा होता. मी रजा काढून त्यांना घेऊन गेलो. रांग मोठी होती. काका उभ्याउभ्या, भिंतीला कागद लावून, फॉर्म भरत होते. एका रकान्यापाशी अडले. "अरे, येण्याचं कारण विचारून राहिले," ते म्हणाले. "घरी जायचं आहे, असं लिहिलं तर चालन का?" मी फॉर्म पाहिला, मागची रांग पाहिली आणि हळूच म्हटलं, "टुरिझम लिहा, काका. तेच चालतं." त्यांनी मान हलवली आणि त्या सुरेख, वळणदार अक्षरात टुरिझम लिहिलं. माझ्या खिशात माझा भारतीय पासपोर्ट होता, ओळखपत्र म्हणून आणलेला. तो मी दिवसभर बाहेर काढला नाही. रांग पुढे सरकली, तशी मी त्यांची बॅग उचलली आणि त्यांच्या मागोमाग चालत राहिलो.